इस्त्रीवाल्याचा डावा हात

त्या गल्लीत ताप मोजायची दोन ठिकाणं होती. एक चौकातला दवाखाना आणि दुसरं त्याच्या अलीकडचं लाँड्रीचं दुकान. दवाखान्यात नंबर लावावा लागे, खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत बसावं लागे. लाँड्रीत ती भानगड नव्हती. पोराला काउंटरवर बसवायचं, इस्त्रीवाले काका डावा हात कपाळावर टेकवणार, डोळे मिटणार आणि आकडा सांगणार. "नव्व्याण्णव, वर थोडं. पाणी पाज आणि शाळेत पाठव." नाहीतर, "एकशे तीनला टेकलाय. इथं काय उभी आहेस? जा पुढे!"

आकडा चुकायचा नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पैजा लावून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी चहा पाजला होता. म्हणून थर्मामीटरच्या पाऱ्यावरून काकांना सगळे पारेकाका म्हणत. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण?

हाताची ही करामत काही दैवी देणगी नव्हती. काका स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत. आता, लोक म्हणाले तर त्यांनी अडवलंही नाही, ही गोष्ट वेगळी. त्यामागं कामाची एक साधी पद्धत होती. उजव्या हातात इस्त्री, म्हणून तो हात दिवसभर तापलेला. त्याला कपाळ दाखवण्यात अर्थ नाही. डावा हात पाण्याचा. डाव्यानं वाटीतलं पाणी शिंपडायचं, ओल्या बोटांनी कॉलरची टोकं सरळ करायची. त्यामुळे तो हात बाराही महिने एकसारखा गार. कपाळाला लावण्याआधी काका तो कमरेच्या फडक्याला पुसायचे, मनात दहा मोजायचे आणि मगच टेकवायचे. तीस वर्षं तोच गारवा आणि तीच दहापर्यंतची मोजणी. मग कपाळ किती गरम हे त्या हाताला कळणार नाही तर कुणाला?

त्या हाताला हे शिकवलं होतं ते मात्र काकांच्या लेकीनं. ती दोन वर्षांची असताना एका दुपारी तापानं फणफणली. काका आणि काकू तेव्हा तरुण, घरात मोठं माणूस नाही. थंडी वाजत असेल म्हणून त्यांनी तिला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं. तासाभरात पोरीचे डोळे वर गेले आणि हातपाय झटके देऊ लागले. शेजारच्या माणसानं दातखीळ बसेल म्हणून चमचा घातला आणि तिचा पुढचा दुधाचा दात निम्मा तुटला. डॉक्टर नंतर शांतपणे म्हणाले, झटका आला तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पांघरुणं काढून टाकायची आणि लगेच घेऊन यायचं. चमच्यानं जेवढं नुकसान झालं तेवढं झटक्यानं झालं नाही.

पण काकांच्या मनातून ती दुपार गेली नाही. आपली पोर जळत होती आणि आपण तिच्यावर ब्लँकेट घालत होतो! मग पुढं वर्षभर, दवाखान्यात कुणाचंही मूल तपासायला आलं की ते आधी हात लावून आकडा मनात धरायचे आणि नंतर डॉक्टरांच्या थर्मामीटरशी पडताळायचे. आधी आकड्यापुढच्या आठ-आठ दहा-दहा टिंबांनी चुकले, मग चार, मग दोन. असा तो हात थर्मामीटरपुढं बसून धडे घेऊन तयार झाला होता. गुरूला विसरायची सवय मात्र माणसाला असतेच. तीस वर्षांनी काका थर्मामीटरला 'ते खेळणं' म्हणायचे.

आणि हे सांगायलाच हवं, की त्या हातानं पुष्कळ भलं केलं. उगाच घाबरलेल्या आयांना घरी पाठवलं, बेफिकीर बापांना दवाखान्यात हाकललं. पोरांना जाड स्वेटरांतून बाहेर काढलं. बर्फाच्या पाण्यानं अंग पुसणाऱ्या एका आजीला तर काकांनी असं खडसावलं, की ती पुढचे दोन महिने कपडे दुसरीकडे टाकत होती. चौकातले डॉक्टर नवा पेशंट आला की हसून विचारायचे, "लाँड्रीतून पाठवलंय का?"

काकू गेल्याला सहा वर्षं झाली होती. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत काका एकटेच राहायचे. दुकान आणि घर यांच्यात एकच दार, त्याला कडी नाही. इस्त्रीच्या टेबलापासून आतल्या पलंगापर्यंत मोजून बारा पावलं.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे काकांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना, इस्त्री ओढायला गेलं की डोळ्यांपुढं काजवे चमकत. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. काका म्हणाले, शर्ट विश्रांती घेत नाहीत. आणि त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर इस्त्री डाव्या हातात घेतली. पहिल्या आठवड्यात दोन कॉलरी पिवळ्या पडल्या, एका पँटला दोन-दोन घड्या आल्या. पण महिन्याभरात डावा हात असा सराईत झाला की गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. पाणी आता उजव्या हातानं शिंपडलं जाई. तेवढं खांद्याला झेपत होतं. काकांना स्वतःचं मोठं कौतुक वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लेक आली. तिच्याबरोबर पाच आठवड्यांची नात. जावई कामासाठी दोन महिने परगावी होता, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुमच्याकडेच राहते." काकांना आभाळ ठेंगणं झालं. नातीचं नाव अजून ठरायचं होतं, तोवर ती चिमणी. काका तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. तिच्या इवल्या लंगोटांनासुद्धा इस्त्री होई. लेक हसून म्हणायची, "बाबा, ती तो पाच मिनिटांत ओला करणार आहे." काका म्हणायचे, "करू दे. कडक घडीवर करू दे."

लेक रंगाच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाला हवी ती छटा थेंब मोजून कालवून द्यायची. एक थेंब जास्त पडला तर भिंत वेगळी दिसते, हे तिला ठाऊक. म्हणून येताना तिनं बाळाच्या सामानात एक डिजिटल थर्मामीटर आणला होता. काकांनी तो पाहिला आणि नाक मुरडलं.

"हे कशाला?"

"असू द्या हो बाबा. बाळ लहान आहे."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? मी आहे ना घरात."

लेकीनं वाद घातला नाही. तिचं सगळं लहानपण त्या गार हाताखाली गेलं होतं. शाळेतून आल्यावर कपाळावर तो हात पडला की निम्मं आजारपण तिथंच उतरायचं. तिनं थर्मामीटर कपाटाच्या खणात, दुपट्यांच्या खाली ठेवला.

त्याच दिवसांत काका गिऱ्हाइकांना सांगत होते, "यंदा हवा चांगली आहे बघा. महिनाभर पोरं आणताहेत लोक, पण एकाला ताप निघेल तर शपथ." लोकांनाही ते ऐकून बरं वाटायचं. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. काकांच्या तर नाहीच नाही.

चिमणी सात आठवड्यांची झाली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजले होते. काका शाळेच्या गणवेशांचा ढीग उपसत होते. आतून लेकीची हाक आली, "बाबा, जरा येता का?"

काकांनी इस्त्री उभी केली आणि आत गेले. लेक पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर.

"सकाळी सातनंतर नीट पीत नाहीये. तोंड लावते आणि सोडते. अंगही कढत वाटतंय मला. मशीननं बघू का?"

"थांब." काकांनी हात कमरेच्या फडक्याला पुसला, दहा मोजले, आणि तीस वर्षांच्या सवयीनं डावा हात चिमणीच्या कपाळावर ठेवला. डोळे मिटले. "छे! काही नाही. गारच आहे की."

"पण मला तर—"

"तू आत्ता भांडी घासून उठलीस ना? तुझे हात गार आहेत. गार हाताला सगळंच गरम लागतं. इतकी वर्षं हेच तर करतोय मी." मग तिचा चेहरा बघून ते नरमले. "झोपू दे तिला. तूही पड जरा. डोळे बघ कसे झालेत. झोपेसारखं औषध नाही."

लेकीनं ऐकलं. बापाचं ऐकायची सवय चांगली असते, असं आपण म्हणतो. ती बाळाशेजारी आडवी झाली आणि काका गणवेशांकडे परत आले. साडेतीन तास त्यांनी इस्त्री केली. मधे एकदा दारातून डोकावले. दोघी शांत झोपल्या होत्या. काकांना ते चित्र इतकं गोड वाटलं की ते पाऊल न वाजवता मागं फिरले.

साडेतीनच्या सुमाराला दुकानासमोर शाळेची पिवळी बस थांबली. ती चालवणारी बाई गल्लीतलीच. सगळे तिला बसवाली म्हणत. खणखणीत आवाजाची आणि खणखणीत हसणारी. शाळेची फेरी संपवून ती आपल्या सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली होती. पोरगी आईच्या कमरेला लटकली होती, गाल लाल, तोंड वाकडं.

"गणवेश द्या काका. आणि हिला किती ताप आहे ते ओळखा बघू!" तिनं पोरीला उचलून काउंटरवर बसवलं.

काकांनी इस्त्री ठेवली, हात पुसला, दहा मोजले, डावा हात टेकवला. "कसला ताप? शाळा बुडवायचं सोंग आहे हे."

पोरीला याचा भयंकर अपमान वाटला. "मी सोंग नाही करत!" म्हणत तिनं भोकाड पसरलं. बसवाली हसायला लागली.

"आज हरलात काका! आत्ता दवाखान्यातून येतेय. एकशे दोन आणि वर चार टिंबं. हा बघा कागद."

काकांनी कागद पाहिला. "कंपाउंडरनं घाई केली असेल," ते म्हणाले आणि पुन्हा हात ठेवला. पुन्हा काहीच नाही. कपाळ त्यांना साधं, जरासं गारच लागत होतं. पोरगी मुसमुसत पुढं झुकली आणि तिनं आपलं डोकं काउंटरवर टेकलेल्या काकांच्या उजव्या हातावर टाकलं. पाण्याच्या वाटीतून नुकत्याच बाहेर आलेल्या त्या हाताला चटका बसला.

काकांनी दोन्ही हात समोर धरले. उजवा ओला होता, बोटांची टोकं सुरकुतलेली. डावा लाल होता, कोरडा, तळव्याशी इस्त्रीच्या मुठीचा वळ. दहा मोजून काय, शंभर मोजूनही तो गार होणार नव्हता. यंदा हवा चांगली नव्हती. महिनाभर ते तापलेल्या हातानं पोरांची कपाळं बघत होते आणि सगळ्यांना घरी पाठवत होते.

मग त्यांना दुपारचे बारा आठवले.

इस्त्री कुठं ठेवली हे काकांना आठवलं नाही. ती एका पांढऱ्या शर्टावर आडवी पडली होती. धूर निघायला लागल्यावर बसवालीनं ती उचलली. काका तोवर आत पोचले होते.

"ऊठ. अगं ऊठ. हिनं केव्हा प्यायलंय?"

लेक दचकून उठली. "सकाळी सातला नीट. दहाला दोन घोट. मग झोपलीच आहे... किती वाजले?"

काकांनी चिमणीच्या तळपायाला टिचकी मारली. एरवी एवढ्यानं घर डोक्यावर घेणारी पोर नुसती कण्हली आणि तिचे डोळे पुन्हा मिटले. ओठ कोरडे. लेकीनं लंगोट चाचपला. सकाळच्या घडीवर तो तसाच कडक होता.

"मशीन कुठंय?" काका म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा मागितलं होतं.

दुपट्यांखालून थर्मामीटर निघाला. लेकीनं तो बाळाच्या काखेत धरला. दोघं आकडे चढताना बघत राहिली. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. तिथं तो थांबेल असं काकांना वाटलं. तो एकशे एक आणि सहा टिंबांवर थांबला आणि वाजला.

"बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात—"

"माझं काही ऐकू नकोस." त्यांनी पायांत चपला सरकवल्या. "चल."

जाता जाता त्यांची नजर फळीवरच्या तापाच्या औषधाच्या बाटलीवर गेली. वरच्या मजल्यावरच्यांच्या मुलाचं उरलेलं. "दोन थेंब देऊ का, जाईपर्यंत?"

"नको. एवढ्या लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही."

दुसरा कुठला दिवस असता तर काकांनी तिला तीस वर्षांचा अनुभव ऐकवला असता. त्यांनी बाटली निमूट परत ठेवली.

टॅक्सी शोधायला वेळ नव्हता. बसवालीनं आपल्या तापलेल्या पोरीला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि म्हणाली, "बसा सगळे. मोठ्या हॉस्पिटलला नेते." त्या बसमध्ये सव्वीस इवल्याशा सीट होत्या. काका एका सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. खिडकीवर कुणीतरी खडूनं मांजर काढलं होतं. लेक समोरच्या सीटवर बाळाला धरून बसली होती आणि सारखी वाकून तिचा श्वास बघत होती. तिनं बापाकडे एकदाही पाहिलं नाही. रागानं नव्हे, तिला तेवढी सवडच नव्हती. पण काकांना ते रागापेक्षा जास्त लागलं.

हॉस्पिटलात मुलांच्या विभागापुढं रांग होती. नर्सनं मान वर न करता विचारलं, "वय?"

"सात आठवडे," लेक म्हणाली. "एकशे एक पॉइंट सहा."

नर्स पेन टाकून उभी राहिली. "आत या. तुम्ही आधी."

रांग नाही, नंबर नाही! हॉस्पिटलांच्या नावानं खडे फोडणाऱ्या काकांना त्या झटपटीनंच धडकी भरली. एवढी घाई करताहेत म्हणजे काहीतरी आहे.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या. बाळाला तपासताना त्या एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. दूध? लघवी? उलटी? अंगावर पुरळ? श्वास लागतोय का? लेक थेंब मोजल्यासारखी नेमकी उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून?"

लेक थांबली. ती बापाकडे बघत होती, आणि काकांना दिसलं की ती त्यांना सांभाळून घेणार आहे.

"बाराला असणार," काका पुढं होऊन म्हणाले. "तिला मोजायचा होता. मी हात लावला, नाही म्हणालो आणि मोजू दिला नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. रक्त घेतलं गेलं, लघवी घेतली गेली, चिमणीच्या इवल्याशा हातात सुई बसवली गेली. तेव्हा ती क्षीण रडली, आणि काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नंतर डॉक्टरीणबाई बाहेर बाकड्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. खांदा, डावा हात, उजवा हात, पाण्याची वाटी. "हात बदलला हे ध्यानातच आलं नाही, डॉक्टर. एवढा मोठा गाढव मी."

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजोबा, समजा, हात तुमचा बरोबर चालला असता आणि एकशे एक कळला असता. तर काय सांगितलं असतंत?"

काकांना उत्तर पाठ होतं. "पातळ कपडे घाल, पाजत राहा, उद्यापर्यंत बघ, खेळतंय ना मग घाबरू नको."

"दोन-चार वर्षांच्या मुलाला हे अगदी योग्य आहे. मीही हेच सांगते. ते पीत असेल, लघवी होत असेल, ताप उतरल्यावर खेळत असेल, तर आकड्याला फार भ्यायचं नाही. पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ वेगळं. शंभराच्या वर चार टिंबं दिसली की उद्याची वाट बघायची नाही. बाळ हसत असलं तरी आणायचं. आणि ते पीत नाही, नीट जागं होत नाही, तर आकड्याचीही वाट बघायची नाही."

काकांनी कमरेचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "म्हणजे हात बरोबर असता तरी मी चुकलोच असतो."

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी ते गोड केलं नाही, आणि काकांनाही ते गोड करून नको होतं.

लघवीतून रक्तात पसरू लागलेला जंतुसंसर्ग निघाला. सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिले दोन दिवस डॉक्टरीणबाई फक्त "बघू" म्हणत होत्या. काका सकाळी येत, बाकड्यावर बसत आणि दुकान उघडायला जातच नसत. देवाला त्यांनी काही कबूल केलं असेल तर ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आतून असं खणखणीत रडं ऐकू आलं की दोन नर्सा वळून बघायला लागल्या. चिमणीला भूक लागली होती. लेक दारात आली, तोंडावर हात ठेवून, हसत आणि रडत. "पितेय बाबा. अधाशासारखी पितेय." काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फडक्यात तोंड लपवून घेतलं.

दहाव्या दिवशी बाळ घरी आलं.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा काउंटरवर, कपड्यांना लावायच्या नंबरांच्या चिठ्ठ्यांशेजारी, दोरीला बांधलेला एक डिजिटल थर्मामीटर लटकत होता. खाली स्पिरिटचा बोळा. कुणी पोराला घेऊन आलं की काका हात मागं बांधून विचारत, "किती महिन्यांचं?" तीन महिन्यांच्या आतलं असेल तर पुढचं ऐकतच नसत. "ताप वाटतोय ना? मग इथं कशाला आलीस? दवाखाना!" मोठं असेल तर थर्मामीटर पुढं सरकवत आणि आकडा वाजेपर्यंत प्रश्नांची फैर. पितंय का? लघवी कधी झाली? मान वाकवतंय का? हाक मारली की बघतं का? श्वास धाप लागल्यासारखा आहे का? जिथं उत्तर अडखळे, तिथं काका बोट चौकाकडे करत. महिनाभरात ज्यांना "काही नाही" म्हणून परत पाठवलं होतं, त्यांच्या घरी ते एकेक करून जाऊन आले आणि पोरं बरी आहेत हे डोळ्यांनी बघून आले. कुणी हसलं, एका आईनं दारातूनच परत पाठवलं. काकांनी तेही ऐकून घेतलं.

"काका, तुमच्याकडे यायची मजा गेली हो," बसवाली म्हणायची.

"मजा करायची तर जत्रेत जा," काका म्हणायचे. काकांचा पारा अजून चढत होता, म्हणजे माणूस बरा होत होता.

पण एक गोष्ट लेकीच्या लक्षात आली होती. काका चिमणीला हात लावत नव्हते. लंगोटांना इस्त्री करत, पाळणा हलवत, लांबूनच तिच्याशी चिऊकाऊच्या गप्पा मारत. घ्या म्हटलं की मात्र काहीतरी काम निघे. फारच गळ्यात पडलं तर दुपट्यासकट दोन्ही बाहूंवर झेलत, आणि तळवे हवेत ठेवत. लेकीनं तीन आठवडे काही म्हटलं नाही.

जावई परत आला आणि लेकीची जायची वेळ आली. दुपारी टॅक्सी दारात उभी होती. जावई पिशव्या ठेवत होता. काकांनी लंगोटांची चळत कागदात बांधून दिली, प्रत्येक घडी सुरीसारखी. थर्मामीटर सगळ्यात वरच्या पिशवीत, सापडेल असा ठेवला.

"बाबा, हात आणा," लेक म्हणाली. तिच्या कडेवर चिमणी होती.

"कुठला?"

"डावा."

काका मागं सरले. "नको गं. आत्ताच इस्त्री ठेवलीय. गरम आहे तो. त्याला काही समजत नाही आता."

"ताप बघायचा नाहीये. नुसता ठेवा."

मग त्यांनी हात कमरेच्या फडक्याला पुसला, एकदा, दोनदा. दहा मोजले नाहीत. हात पुढं केला आणि चिमणीच्या डोक्यावर ठेवला. जुन्या सवयीनं डोळे मिटले गेले. टाळूवरचं मऊ जावळ, त्याच्याखाली अलगद उडणारी नाडी. आकडा काही तोंडात आला नाही.

"काही कळत नाही मला," ते म्हणाले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"नका कळू देऊ," लेक म्हणाली आणि तिनं त्यांचा हात वरून दाबून तसाच धरून ठेवला. टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.